बाल्कनीतलं ब्रह्मकमळ, हिमालयातलं ब्रह्मकमळ आणि ऑनलाइन मिळणारं बी

पानगळ | १२ जुलै, रात्री ९:१०
पुण्यात ब्रह्मकमळांचा हंगाम सुरू झाला. सोसायटीच्या ग्रुपवर रोज रात्री फोटो येतात आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य असतं: "हिमालयात उगवणारं, अतिशय दुर्मिळ, वर्षातून एकदाच उमलणारं फूल." पण उत्तराखंडचं राज्यफूल म्हणून ज्याचे फोटो दिसतात ते ब्रह्मकमळ वेगळंच आहे. फिकट पिवळसर-हिरवं, कोबीचा गड्डा अर्धवट उघडावा तसं. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.
१) दोन्ही एकच आहेत, एका कुळातली आहेत, की फक्त नावाचा सारखेपणा?
२) "हिमालयन ब्रह्मकमळ, २० बिया" असं पाकीट ऑनलाइन मिळतं. ते पुण्यात उगवेल का? पाकीट घरी येऊन पडलंय, अजून फोडलेलं नाही.
३) मूळ फूल बघायचंच असेल तर कुठे आणि कोणत्या महिन्यात?
जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शंखपुष्पी | १२ जुलै, रात्री ९:४८
पहिल्याचं उत्तर लगेच देते. काडीचाही संबंध नाही.
बाल्कनीतलं ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हे निवडुंग आहे, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथल्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतं. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नसून चपटं झालेलं खोड आहे. म्हणून तर कळी "पानाच्या" कडेला, खाचेतून येते.
हिमालयातलं ते सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा. हे सूर्यफुलाच्या, झेंडूच्या कुळातलं. सॉसुरिया हे नाव आल्प्सचा अभ्यास करणाऱ्या द सोस्यूर या स्विस निसर्गशास्त्रज्ञावरून पडलं.
एक विषुववृत्ताकडच्या उबदार जंगलातलं, दुसरं बर्फाच्या कडेचं.

वेताळटेकडी | १२ जुलै, रात्री १०:०२
म्हणजे एक निवडुंग, दुसरा झेंडूचा चुलतभाऊ, आणि कमळ दोघांतलं एकही नाही! :)

धुंडिराज | १२ जुलै, रात्री १०:३०
नावाच्या बाबतीत थोडा असहमत. महाराष्ट्रात ब्रह्मकमळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रात्री उमलणारं पांढरं फूलच येतं आणि घराघरांत ते याच नावाने रुजलं आहे. लोकांनी दिलेलं नाव चुकीचं कसं म्हणणार? एकच नाव दोन झाडांना असणं आपल्याकडे नवं नाही. नागचाफा, कोरांटी, शंखपुष्पी (आयडी नव्हे, वनस्पती), सगळीकडे हाच घोळ आहे. नाव राहू द्या. त्यामागे चिकटवलेलं "हिमालयातलं दुर्मिळ" हे बिरुद तेवढं काढा.

शंखपुष्पी | १२ जुलै, रात्री १०:४१
@धुंडिराज, हे पटलं. नावावर भांडण नाही. तोटा वेगळ्या ठिकाणी आहे. हिमालयातलं फूल आपल्याकडे गॅलरीत डझनाने फुलतं असा समज झाला की तिकडे ते कमी होतंय यावर कोणाचा विश्वास बसत नाही. "आमच्याकडे तर परवा अकरा उमलली" असं ऐकायला मिळतं.

बुग्याल | १३ जुलै, सकाळी ७:१५
हिमालयातल्या ब्रह्मकमळाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण त्याची जागा कळली की बाकीची उत्तरं आपोआप मिळतात.

झाड साधारण १५ ते ६० सेंमी उंच. जमिनीत जाड मूळखोड, वर एकच सरळ दांडा. खालची पानं लांबट, कडेने दातेरी. दांड्याच्या टोकाशी पानांचं रूप पालटतं. ती पातळ, कागदासारखी, नावेच्या आकाराची, फिकट पिवळसर होतात. यांना छदं म्हणतात. लोकांना पाकळ्या वाटतात त्या याच. बोगनवेलीचा गुलाबी रंग जसा पाकळ्यांचा नसून छदांचा असतो, तसंच हे. खरी फुलं आत असतात, जांभळट रंगाच्या छोट्या गोंड्यांचा घट्ट झुपका. वरून बघितल्याशिवाय तो दिसतही नाही. वास उग्र असतो, मोगऱ्यासारखी अपेक्षा ठेवू नये.

ही छदं त्या झाडाचं घर आहेत. ४००० मीटरवर ऑगस्टमध्येसुद्धा रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, दुपारी ऊन भाजून काढतं, मधेच गारा पडतात. पराग भिजला तर वाया. छदांच्या आत पाऊस शिरत नाही, वारा लागत नाही, उजेड मात्र गाळून आत येतो. म्हणून वनस्पतिशास्त्रात अशा झाडांना काचघर वनस्पती म्हणतात. पूर्व हिमालयातलं ऱ्हीअम नोबिले याच जातकुळीचं उदाहरण आहे. ते माणसाच्या उंचीइतकं वाढतं आणि त्याच्या छदांवर झालेल्या अभ्यासात ती अतिनील किरण अडवतात असं दिसलं आहे. कुळं वेगळी, पण थंडीने दोघांना एकच युक्ती सुचवली.

परागीभवन मुख्यतः भुंग्यासारख्या केसाळ रानमाश्या करतात, ज्यांना इंग्रजीत बंबलबी म्हणतात. थंडीत साधी मधमाशी गारठते तेव्हा या उडू शकतात.

आणि जाता जाता: "रात्रीच उमलतं", "चौदा वर्षांतून एकदा उमलतं" या गोष्टी या झाडाच्या नाहीत. पहिली निवडुंगावरून उसनी आली आहे, दुसरी कुठून आली कोण जाणे. हे दरवर्षी जुलै ते सप्टेंबर फुलतं आणि दिवसरात्र तसंच उभं असतं.

कोकमसरबत | १३ जुलै, सकाळी ८:०५
सुंदर माहिती! कागदासारखी छदं आणि आत जांभळे गोंडे, आता फोटो परत बघितला तेव्हा कुठे कळलं.
भाबडा प्रश्न: महाबळेश्वरला किंवा कळसूबाईवर लावलं तर? तिथेही थंडी असते.

बुग्याल | १३ जुलै, सकाळी ८:५०
@कोकमसरबत, कळसूबाई १६४६ मीटर. ब्रह्मकमळ साधारण ३००० ते ४८०० मीटरच्या पट्ट्यात वाढतं. अल्पाइन म्हणजे नुसतं थंड नव्हे. जिथे झाडांची नैसर्गिक हद्द संपते त्याच्या वरचा प्रदेश म्हणजे अल्पाइन. गढवालात ती हद्द ढोबळमानाने ३३०० ते ३६०० मीटरला येते. भोजपत्राची झाडं आणि खुरटा बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) संपला की गवताळ कुरण लागतं, त्याला तिकडे बुग्याल म्हणतात. सह्याद्रीत अशी हद्दच नाही, माथ्यापर्यंत झाड वाढू शकतं.

आकडेमोड सोपी आहे. दर १००० मीटरला तापमान सरासरी ६.५ अंश उतरतं. पुणे ५६० मीटर, ब्रह्मकमळाची जागा ४००० धरा. फरक सुमारे २२ अंश, फक्त उंचीमुळे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या जवळपास. त्यावर पाच-सहा महिने बर्फाचं पांघरूण.

त्यातही ते बुग्यालात सगळीकडे नसतं. मऊ सपाट गवतात कमी. खडकांच्या राशी, हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढीग, झऱ्याच्या काठचे ओले कपारे, असा उतार त्याला लागतो. पाणी सतत झिरपतं पण साचत नाही, दगडांच्या सांध्यात कुजलेल्या पानांची बोटभर काळी माती असते. एका उतारावर शंभर दिसतील आणि पुढच्या धारेवर एकही नाही.

गच्चीबाग | १३ जुलै, दुपारी १:२०
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. पुण्यात का जगणार नाही ते नीट पाहू, "हवामान मानवत नाही" एवढ्यावर सोडलं तर लोक प्रयोग करतच राहतात.

बी रुजवणं हा सगळ्यात अवघड भाग नाही. अल्पाइन बियांना बहुतेक वेळा ओलसर थंडीचा काळ द्यावा लागतो. ओलसर वाळूत बी मिसळून, पिशवीत बांधून, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास दीड-दोन महिने. ताजं, खरं बी असेल तर त्यानंतर थोडे कोंब येऊही शकतात. गाडी अडते ती पुढे.

पहिलं, रात्र. झाड दिवसा अन्न बनवतं आणि रात्री श्वसनात खर्च करतं. तापमान वाढलं की खर्च वाढतो. पुण्यात पावसाळ्यातही रात्रीचा पारा २१-२३ च्या खाली फारसा जात नाही. थंड रात्रींवर जमाखर्च बसवलेलं झाड इथे रोज तोट्यात जातं. पानं फिकट, दांडा लांबुळका, मग गळाटा.
दुसरं, मुळं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिक कुंडीतली माती दुपारी ४० च्या वर जाते. डोंगरावर दगडाखालची माती भर उन्हातही गार असते.
तिसरं, बुरशी. उबदार आणि दमट मातीत अशी रोपं कॉलरपाशी, म्हणजे मातीलगतच्या खोडाशी, काळी पडून आडवी होतात. नर्सरीवाले याला मर म्हणतात. बुरशीनाशकाने आठवडा मिळतो, वर्ष नाही.
चौथं, झोप. डिसेंबरच्या पुणेरी थंडीत रात्र १०-१२ अंशांची, दुपार २८-३० ची. ही विश्रांती नव्हे. त्याला सलग काही महिने शून्याच्या आसपास, अंधारात, बर्फाखाली पडून राहायचं असतं.

वेताळटेकडी | १३ जुलै, दुपारी २:००
मग जुना फ्रिज, आत एलईडी दिवे आणि छोटा पंखा?

गच्चीबाग | १३ जुलै, दुपारी २:३५
तत्त्वतः होईल. परदेशातल्या वनस्पती उद्यानांत अल्पाइन हाउस असतात, तिथे वाफ्याखालून थंड पाण्याचे पाइप फिरवून मुळं गार ठेवतात. पण फ्रिजमध्ये हवा कोंदते, उजेडाची तीव्रता डोंगरावरच्या उन्हाच्या जवळपासही जात नाही, आणि दोन तास वीज गेली की संपलं. त्यासाठी डोंगरावरचं बी ओरबाडून आणायचं का, हा खरा प्रश्न. रोपं वाढवायचं काम त्याच उंचीवर चाललेलं आहे. श्रीनगर (गढवाल) इथल्या विद्यापीठाचं उच्च पर्वतीय वनस्पतींचं संशोधन केंद्र आहे, त्यांची तुंगनाथला अल्पाइन बाग आहे. हे काम तिथेच शोभतं.

माईंचीतुळस | १३ जुलै, संध्या. ६:१०
आमच्याकडे श्रावणात देवाला ब्रह्मकमळ वाहतात, बाल्कनीतलंच. आता कोणी म्हणतंय खरं पुण्य हिमालयातल्या फुलाचं, सुकवलेलं मागवता येतं. कृपया जाणकारांनी सांगावं, मागवावं का?

बुग्याल | १३ जुलै, संध्या. ७:२५
माई, मागवू नका, कळकळीची विनंती. कारण सांगतो.
सुकलेलं फूल म्हणजे दांड्यासकट खुडलेलं झाड. बी धरतं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. फूल विकलं जातं ऑगस्टमध्ये, भर यात्रेत. म्हणजे त्या दांड्यावरचं सगळं बी त्या वर्षापुरतं गेलं. आणि घाईत ओढलं की मूळखोडही हातात येतं, मग पुढची वर्षंही गेली. वर फक्त चार महिन्यांचा वाढीचा काळ असतो, गेलेलं भरून यायला फार वेळ लागतो.

गढवालची स्वतःची परंपरा आहे. नंदाष्टमीला, म्हणजे भाद्रपद शुक्ल अष्टमीला, वरून ब्रह्मकमळं आणून नंदादेवीला वाहतात. आपल्याकडे गौरी बसतात तोच सुमार. तो सण उन्हाळी मोसमाच्या अखेरीस येतो, आणणारे हात मोजके, नेम कडक. आज भार पडतोय तो वाटेवर फुलं घेणाऱ्या हजारो यात्रेकरूंचा आणि पार्सलांचा.

शंखपुष्पी | १३ जुलै, संध्या. ७:५०
कायद्याचं थोडं. फुलांची घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, केदारनाथचा परिसर १९७२ पासून वन्यजीव अभयारण्य. अशा ठिकाणाहून फूल, बी, मूळ, काहीही उचलायची परवानगी पर्यटकाला नसते.
याच सॉसुरिया वंशातली कुठ ही वनस्पती, म्हणजे आयुर्वेदातलं कुष्ठ, हिच्या सुगंधी मुळांसाठी इतकी खणाखणी झाली की ती सायटिस (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. वन्यजीव कायद्याच्या जुन्या परिशिष्ट ६ मध्ये, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत, अवघ्या सहा वनस्पती (काही एकेकट्या, काही गटाने) होत्या, त्यांतली एक कुठ. एका बहिणीचं काय झालं ते समोर आहे.

माईंचीतुळस | १३ जुलै, रात्री ८:१५
नाही मागवत. दारचं फूल देवाला चालतं, हे मला आधीपासून वाटत होतंच.

पौडफाटा | १४ जुलै, सकाळी ९:३०
अवांतर: १९८२ साली टपाल खात्याने हिमालयातल्या फुलांची चार तिकिटं काढली होती, त्यात ब्रह्मकमळ आहे. संग्राहकांनी आपले अल्बम चाळून पाहा.

धुंडिराज | १४ जुलै, सकाळी १०:४०
"बंद करा, कुंपण घाला" हा उपाय सरसकट नसतो, हेही लिहायला हवं. फुलांच्या घाटीत उद्यान झाल्यावर मेंढपाळांची चराई थांबवली. त्यानंतर पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम, तिकडचं अमेला, हे उंच झुडूप इतकं माजलं की बुटक्या फुलांवर सावली धरायला लागलं. वनखातं दरवर्षी ते उपटण्याची मोहीम काढतं. मेंढ्या होत्या तेव्हा ते आटोक्यात होतं असं अनेकांचं मत आहे.

बुग्याल | १४ जुलै, सकाळी ११:३०
@धुंडिराज, मुद्दा योग्य, पण त्याला दुसरी बाजू आहे. अमेला पसरतं ते मुख्यतः घाटीच्या तळाकडे, जिथे माती खोल आहे, जनावरं बसून शेणाने जमीन कसदार झाली होती आणि दरडींनी उघडी पडली होती. ब्रह्मकमळ असतं वरच्या खडकाळ उतारांवर. तिथे अमेलाचा प्रश्न नाही. तिथे खुरांनी दगड निसटतात, रोपं चिरडतात. त्यामुळे चराईला एकच नियम लावता येत नाही. खाली हलकी चराई कदाचित उपयोगी, वर अजिबात नको.

धुंडिराज | १४ जुलै, दुपारी १२:१०
असं उंचीप्रमाणे वेगळं करून सांगितलंत तर मान्य. माझा आक्षेप सरसकटपणाला होता.

सायकलवाली | १४ जुलै, दुपारी ३:००
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. पुण्याहून जाणाऱ्यांसाठी:

सर्वांत खात्रीची जागा हेमकुंडची (फुलांच्या घाटीजवळच्या शीख तीर्थस्थानाची) वाट. घाटीत फिरून ब्रह्मकमळ शोधू नका, घाटीचा पायवाटेचा भाग त्याच्यासाठी बराच खाली पडतो. लोक घाटी करून, "दिसलंच नाही" म्हणत परत येतात. हेमकुंड चार हजार मीटरच्या वर आहे आणि चढाच्या शेवटच्या टप्प्यात, पायऱ्यांच्या आसपासच्या ओल्या खडकांत ते दिसतं. त्याच वाटेवर थोडं खाली निळी पॉपीही (मेकोनॉप्सिस अक्युलिआटा).

काळ: १५ ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. जुलैत गेलात तर घाटी रंगीत मिळेल पण ब्रह्मकमळ बरचसं मिटलेलं. सप्टेंबर अखेर छदं तपकिरी पडायला लागतात. घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत खालच्या घांघरिया गावी परतावं लागतं.

मार्ग: पुण्याहून देहरादून किंवा हरिद्वार, मग ऋषिकेश ते जोशीमठ सुमारे २५० किमी रस्ता. पुढे गोविंदघाट, पुलना, आणि तिथून चालत घांघरिया (सुमारे ३०५० मीटर). दुसऱ्या दिवशी घाटी, तिसऱ्या दिवशी हेमकुंड. हा क्रम उलटा करू नका. घांघरियाला दोन रात्री झाल्या की वरची विरळ हवा कमी त्रास देते. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता दिवस-दिवस बंद होतो, त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

फोटोसाठी दगडांवरूनच वाका. रोपापाशी जायला ओल्या काळ्या मातीवर पाय दिला की तीच बोटभर माती घसरते.

पौडफाटा | १४ जुलै, दुपारी ३:२०
वाचनखूण साठवली. केदारनाथच्या बाजूला?

सायकलवाली | १४ जुलै, दुपारी ३:४५
केदारनाथहून वासुकी तालकडे वर चढताना, आणि रुद्रनाथच्या भागातही. तिकडे वाट एकाकी आहे, स्थानिक वाटाड्या घ्याच. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आहे, त्यामुळे "बुग्यालावर तंबूत राहू" अशी जाहिरात दिसली तर आधी चौकशी करा.

रानहळद | १५ जुलै, सकाळी ८:००
सगळा धागा हिमालयात गेलाय, थोडं घराजवळ येते. ब्रह्मकमळाची जी अडचण तीच आपल्या सड्यांवरच्या (कातळपठारांवरच्या) फुलांची, फक्त उलट्या बाजूने. तिथे झाड थंडीपासून वाचायला बर्फाखाली झोपतं, इथे कासच्या सड्यावर ते कोरडेपणापासून वाचायला कंद होऊन जांभ्याखाली झोपतं. जागं राहायला दोघांना जेमतेम चार महिने. माती दोन्हीकडे बोटभर.

पुणे जिल्ह्याचंच उदाहरण घ्या: शिंदळ माकुडी, फ्रेरिया इंडिका. रुईच्या कुळातलं मांसल झाड, कातळकड्याच्या भेगांत लोंबणारं. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात नुसती गरदार दांडी. फूल गडद तांबूस-किरमिजी, पाच टोकांचं, त्यावर पिवळे ठिपके. माश्या परागीभवन करतात. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात तिची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव दिलं. जगात फक्त महाराष्ट्रात, तेही मोजक्या कड्यांवर: शिवनेरीचा परिसर, पुरंदर, सज्जनगड. नेमक्या कपारी मुद्दाम लिहीत नाही, कोणी विचारूही नये.

गंमत अशी की ती दुर्मिळ आहे पण हट्टी नाही. बोटभर फांदी दोन-तीन दिवस सावलीत सुकवून भरड वाळूत खोचली की रुजते. तरी कड्यावर ती कमी होतेय, कारण वणवे, शेळ्या, कोसळणाऱ्या दरडी. कुंडीत हजार रोपं झाली तरी कड्यावरची भेग भरत नाही.

कोकमसरबत | १५ जुलै, सकाळी ८:३०
शिवनेरीला इतक्यांदा जाणारे लोक, आणि हे नाव पहिल्यांदा ऐकलं. यावर स्वतंत्र धागा काढाच.

गच्चीबाग | १५ जुलै, सकाळी १०:१५
+१. वेगळा धागा हवाच.

इकडे दोघांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) बाल्कनीतल्या ब्रह्मकमळाबद्दल विचारलंय, "पाच वर्षं झाली, फूल नाही" आणि "कळ्या गळतात". इथेच लिहितो.

फूल नाही, याची कारणं बहुतेक वेळा तीन. एक, पूर्ण सावली. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन हवंच. दुपारचं एप्रिलचं ऊन मात्र नको, पातं पिवळं पडून भाजतं. दोन, कुंडी फार मोठी. मुळं दाटली की फुलतं, ८ ते १० इंची पुरे. तीन, शेणखत-युरियाचा मारा. नुसती पाती वाढतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नत्र थांबवून कुंडीला दोन चमचे बोनमील आणि चिमूटभर पोटॅश द्या.
माती: नर्सरीतला नुसता पोयटा नको, पावसाळ्यात तो चिखल होऊन घट्ट बसतो आणि मुळं कुजतात. पालापाचोळ्याचं खत किंवा कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा भरड वाळू एक भाग.
कलम: वर्षभर जुन्या पात्याचा १५-२० सेंमी तुकडा, चार ते सात दिवस सावलीत ठेवून कापलेली कड सुकू द्या, मग दोन इंच खोल लावा. ताजा कापलेला लगेच ओल्या मातीत खोचला की टोक सडतं, ही सगळ्यांची पहिली चूक. उलटा लावू नका, मूळ बुंध्याकडची बाजू खाली. फूल दोन-तीन वर्षांनी.
कळ्या गळणं: कळी दिसल्यावर कुंडी हलवली, फिरवली, किंवा माती खडखडीत वाळवून मग बादलीभर पाणी दिलं. कळी धरली की जागा तीच, वरची इंचभर माती सुकली की पाणी, एवढाच नेम. पात्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. कानकाडीला स्पिरिट लावून पुसा, मग आठवड्याने संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब घालून फवारा.

रानहळद | १५ जुलै, सकाळी १०:५०
जोड: बुंध्यातून निघणाऱ्या लांब, गोल, चाबकासारख्या फांद्या कुरूप दिसतात म्हणून लोक छाटतात. त्या ठेवा, पुढची रुंद पाती त्यांच्यावरच येतात.

पानगळ | १५ जुलै, रात्री ९:००
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाकीट फोडलं. बिया काळ्या, गोल, गुळगुळीत, मोहरीच्या दाण्याएवढ्या.

शंखपुष्पी | १५ जुलै, रात्री ९:१२
मग प्रश्नच मिटला. सूर्यफुलाच्या कुळातलं बी लांबट असतं, आणि सॉसुरियाच्या बीला टोकाशी पिसासारख्या तंतूंचा झुपका असतो, वाऱ्यावर उडायला. झुपका झडला तरी दाणा लांबटच राहतो. गोल, काळा, गुळगुळीत दाणा सॉसुरियाचा असूच शकत नाही. खऱ्या कमळाचंही नाही, ते बी चांगलं सेंटिमीटरभर असतं. बिया मोठ्या करून दाखवणारा फोटो काढा, सोबत मोजपट्टी ठेवा आणि "बी वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परतावा मागा. बागेत टाकू नका, कुठलं तण असेल सांगता येत नाही.

वेताळटेकडी | १५ जुलै, रात्री ९:२०
एका अर्थी बरंच झालं. खरं बी निघालं असतं तर ते कोणत्या उतारावरून ओरबाडलं याचा घोर लागला असता.

पानगळ | १५ जुलै, रात्री ९:४०
खरं आहे. परताव्याचा अर्ज करते. आणि एक शेवटचं: बाल्कनीतल्या ब्रह्मकमळाला फुलं भरपूर, पण फळ कधीच का नाही? बी तरी घरचं मिळालं असतं.

गच्चीबाग | १५ जुलै, रात्री १०:०५
कारण ते स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, आणि शेजाऱ्यांकडचं झाडही बहुधा एकमेकांना पाती देऊन झालेलं, म्हणजे तेच झाड. एकाच पावसानंतर गल्लीभर एकाच रात्री उमलतात त्यामागेही हे एक कारण असावं. पाहुणचाराला इथे मेक्सिकोतली वटवाघळं किंवा तिथले मोठे पतंगही नाहीत.
करून बघायचं तर याच पात्यांपासून न झालेलं, मुळातच वेगळं ब्रह्मकमळ हवं, किंवा लाल-गुलाबी एपिफायलम. रात्री ११ ते १ च्या दरम्यान, फूल पूर्ण उघडं असताना, कोरड्या मऊ ब्रशने पराग उचलून मधल्या चांदणीसारख्या कुक्षीवर लावायचा. जमलं तर फुलामागचा भाग गळून न पडता हिरवा राहून फुगू लागतो.

रानहळद | १५ जुलै, रात्री १०:१५
लाल एपिफायलम आहे, सिंहगड रस्त्याला. पण ते मार्च-एप्रिलमध्ये फुलतं, आता कळी नाही. जुलैत फुलणारं रंगीत कोणाकडे आहे का?